सरांची संत्र्याच्या रसावरील स्वारी

ऐकणाराने कान देऊन ऐकावे, आणि हसू आल्यास तोंडावर रुमाल धरावा. प्रयोगशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर सरांचा अंमल होता. संत्र्याच्या रसात तब्येतीस हितकर ऐसे कोणते द्रव्य दडी मारून बसले आहे ते हुडकून हजर करावे म्हणोन त्यांचे फर्मान सुटले, आणि मग ती कामगिरी त्यांची विद्यार्थिनी जी ताई, तिच्या गळ्यात पडली. हत्यार म्हणाल तर एकच यंत्र: रस बारीक पोलादी नळीतून जोराने दामटायचा, मग आतली द्रव्ये एकामागून एक बाहेर पडतात, पडद्यावर प्रत्येकाचा उंचवटा उठतो, आणि कोण किती वेळाने बाहेर आला यावरून ओळख पटते. यंत्र शेजारच्या खात्याचे, उसने. संध्याकाळी परत रवाना व्हायचे. सबब आज आलेख न निघाल्यास ताईची डिग्री वर्षभर लटकणार.

तशात रसातल्या गराने यंत्राआधी रस गाळायचा बारीक फिल्टर तुंबवला. ताईने अर्ज गुदरला की रस गरगर फिरवून गर तळाशी बसवते, जरा दम धरा. पण दम धरणे सरांच्या घराण्यात नाही. स्वारी जातीने पँट्रीत गेली, आणि चहाची गाळणी घेऊन आली, आणि रस तीतून ओतला, आणि मग नव्या फिल्टरमधून यंत्रात घातला.

पडद्यावर ऐसा डोंगर उठला की सरांच्या डोळ्यांचे पारणे फिटले. कॅटेचिन, मोठे गुणकारी द्रव्य, म्हणोन डायरेक्टरसाहेबांस फोन गेला आणि केकचा हुकूम सुटला. ताई मात्र पलीकडच्या दुसऱ्या डोंगराकडे टक लावून बसली.

“सर, हे कॅफीन आहे.”

“मग? नवा शोध.”

“संत्र्यात?”

“तू फार शंका काढतेस बाई.”

“सर, आपण चहा शोधून काढलाय.”

सर केबिनीत गेले आणि दार लावून घेतले. मग ताईने नळी धुतली, ताजा रस फिरवला, गर बसवला, वरचा निवळ रस पुन्हा सोडला. शेजारच्या खात्याची माणसे ट्रॉली घेऊन दारात खोळंबली असता एक बुटका, गुटगुटीत उंचवटा उठला, सकाळी ताईने बाटलीतल्या शुद्ध हेस्पेरिडिनचा नमुना सोडून पाहिला तेव्हा उंचवटा उठला होता, अगदी त्याच जागी. संत्र्याचे स्वतःचे, खरेखुरे हितकर द्रव्य ते हेच.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. दप्तरी नोंद ऐसी की विजय सरांच्या दूरदृष्टीने मिळाला, ताईचे नाव खाली, डिग्री पक्की. केक परत फिरवता आला नाही, तो सरांनीच कापला आणि सोबत चहा मागितला. गाळणी ताईच्या कपाटात जप्त होती, सबब मोठे गुणकारी द्रव्य सरांनी चोथ्यासकट घशाखाली उतरवले.