मण्यांना चढलेले चार लेप

आम्लाला पुरून उरणारे मणी बनवावेत तर मीच, असं मी साहेबांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो. आमची प्रयोगशाळा पोटाला उपकारक असे जिवाणू तयार करते. अडचण एवढीच, की गिळल्यावर ते जठरातल्या आम्लातच दगावतात, आतड्यापर्यंत पोचतच नाहीत. दोन वेळा आमचे सगळे मेले होते. तिसऱ्यांदा मेले तर प्रकल्प बंद, आणि मी, आमच्या मॅडम आणि काचसामान धुणाऱ्या मावशी असे तिघंही घरी!

मी जिवाणू शेवाळाच्या चिकात कालवले, सुईतून थेंब थेंब कॅल्शियमच्या पाण्यात सोडले. मोहरीएवढे मणी झाले. ठरल्याप्रमाणे वरून आम्ल रोखणारा एक लेप दिला. पण मी अर्ध्या जेवणातून उठलो. कोट्यवधी जीव माझ्या भरवशावर आम्लात उतरणार! गुपचूप जाऊन दुसरा लेप चढवला.

साहेबांसमोर मणी आम्लात टाकले. दोन तास आम्ही तिघं ऑपरेशनच्या खोलीबाहेर बसावं तसे बसून होतो. मग मी एक मणी चिमट्याने चिरडला, त्यावर रंग घातला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जिवंत असतील ते हिरवे चमकतात. अहाहा! सगळीकडे हिरवे ठिपके, नुसते लखलखत होते! नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत एवढे ते जीव, आणि त्या जाळातून सहीसलामत आले होते. माझे डोळे भरून आले. साहेबांनीही पाहिलं आणि चक्क माझ्या पाठीवर हात ठेवला.

उरलेले मणी आतड्यातल्या रसासारख्या द्रावणात टाकले. इथे ते विरघळून जिवाणू बाहेर पडायला हवेत. एक तास गेला. चार गेले. मणी जसेच्या तसे, गुळगुळीत आणि टवटवीत!

"लेप किती दिलेत?" साहेबांनी विचारलं.

मी मान खाली घालून दोन म्हणालो. मॅडम खिडकीबाहेर बघत पुटपुटल्या, की राहवेना म्हणून त्यांनीही एक दिला होता. मावशींनी हात पुसले.

"मला वाटलं, तुम्ही दोघं विसरलात. बिचारे उघडे पडतील म्हणून मीपण एकदा बुडवून काढले."

साहेबांनी एक मणी चिमट्याने उचलून उजेडात धरला.

"जिवंत आहेत, हे कबूल. आणखी एक संधी देतो, पण लेपाची बाटली माझ्या कुलपात राहील. आणि हे जे केलेत, त्यांच्यासाठी गिऱ्हाइकाच्या पोटात चिमटा घेऊन कोण जाणार?"

खोटं कशाला बोलू, माझा हात अर्धा वर गेला होता.