मेकॅनिकचं मी बघतो

“तू अभ्यास कर. मेकॅनिकचं मी बघतो.”

नवऱ्याच्या तोंडून हे वाक्य निघालं तेव्हा बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात केसांचा चाप. ‘मी बघतो’ म्हटल्यावर पुढे काय होतं, हे संसाराच्या अनुभवातून तिला चांगलं ठाऊक होतं. पडद्याच्या दांडीचंही त्यानेच बघितलं होतं. (दांडी अजून पलंगाखाली आहे.) पण त्या सकाळी तिला वाद घालायला फुरसत नव्हती. दुपारी तिची परीक्षा होती, आणि परीक्षेचा युनिफॉर्म वॉशिंग मशीनमध्ये अडकला होता.

ही परीक्षा म्हणजे साधीसुधी गोष्ट नव्हती. मायदेशी ती मोठ्या इस्पितळात सिस्टर होती. नवे डॉक्टर तिला विचारल्याशिवाय सुई उचलत नसत. या देशात आल्यावर मात्र तिची सर्टिफिकेटं कपाटात गेली आणि ती एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना भरवायला, फिरवायला लागली. तीन वर्षं तिने ते केलं, तोंडातून चकार शब्द न काढता. लेखी परीक्षा पार पडली होती, आता उरलं होतं प्रात्यक्षिक. इस्पितळाने त्यासाठी निळा युनिफॉर्म दिला होता, खिशावर नाव शिवलेला, आणि तो नसेल तर दारातूनच परत पाठवू असं बजावलंही होतं. आदल्या दिवशी सराव करताना त्यावर औषध सांडलं. सकाळी नवऱ्याने (मदत म्हणून, बिचाऱ्याने) तो मशीनमध्ये टाकला. मशीन थोडं फिरलं, कण्हलं आणि पोटभर पाणी पिऊन मधेच बसलं. दार कुलूपबंद. गोल काचेला आतून निळी बाही चिकटली होती, बुडत्या माणसाने हात वर करावा तशी.

“मी बोलते ना त्याच्याशी,” बायको म्हणाली. “मला इथली भाषा येते.”

“प्रश्न भाषेचा नाही. प्रश्न माणसं ओळखायचा आहे.”

माणसं ओळखणं हा त्याचा पेशाच होता. विमा कंपनीत बसून लोकांचे खोटे दावे पकडायचे, हे त्याचं काम. कुणी जुनी गाडी नवी म्हणून दाखवली, कुणी न फुटलेली काच फुटली म्हणून सांगितलं, की याच्या नाकाला बरोबर वास यायचा. म्हणून मेहुण्याने त्याचं नाव ‘तपासनीस’ ठेवलं होतं. मेहुण्याने ते चेष्टेने ठेवलं होतं आणि याने ते पदवीसारखं घेतलं. त्याच्या कंपनीतला सगळा कारभार इंग्रजीत चालायचा, त्यामुळे इथल्या भाषेत त्याची मजल दूध, ब्रेड आणि ‘माफ करा’ यांच्या पुढे गेली नव्हती. बायको मात्र दिवसभर म्हाताऱ्यांशी बोलून तीत पार मुरली होती.

अशा या तपासनिसाला इथे आल्या आल्या एका मेकॅनिकने उघडाउघड गंडवलं होतं. ओव्हन गरम होत नव्हता. मेकॅनिक आला, अतिशय गोड हसला, ‘आतली कॉइल बदलली’ म्हणून पैसे घेतले आणि गेला. ओव्हन चालू झाला. महिन्याभराने बायको साफसफाई करायला वाकली तर कॉइल जुनीच होती; भामट्याने फक्त एक सुटलेली वायर जोडली होती. ती हसली आणि विसरली. तपासनीस विसरला नाही. दुसऱ्यांची लबाडी ओळखण्याबद्दल ज्याला पगार मिळतो, त्याला घरात येऊन कुणी टोपी घालावी? त्याने खूप विचार केला आणि निष्कर्ष काढला, की मेकॅनिक नवख्याला फसवतो, जाणत्याला नाही. तेव्हा आपण जाणतं दिसायचं.

त्यासाठी त्याने मेहनतही केली. दुरुस्तीचे व्हिडिओ इथल्या भाषेत पाहिले आणि त्यातली सहा वाक्यं घोकून घोकून पाठ केली. बसस्टॉपवर उभा राहून तो ‘पंपाला वीज पोचते का ते पाहिलंत का’ असं पुटपुटायचा आणि लोक जरा लांब सरकून उभे राहायचे. वीज मोजायचा एक मीटरही त्याने आणला. तो कसा लावतात हे त्याला ठाऊक नव्हतं, पण त्याच्या लाल आणि काळ्या वायरी गळ्यात फार शोभून दिसत.

मेकॅनिक तासाभरात आला. उंच, थकलेला, फारसं न बोलणारा माणूस. त्याने पेटी खाली ठेवली आणि मशीनकडे पाहिलं. मग तपासनिसाकडे पाहिलं. गळ्यातल्या मीटरवर त्याची नजर थांबली.

तपासनिसाने पहिलं वाक्य सोडलं. “पंपाला वीज पोचते का ते पाहिलंत का?”

उच्चार इतका स्वच्छ आला, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. मेकॅनिकच्या भुवया वर गेल्या. त्याने काहीतरी विचारलं. त्यातला ‘काम’ एवढाच शब्द कळला.

“हो,” तपासनीस म्हणाला.

मेकॅनिकने आणखी काही विचारलं. ‘वर्षं’ कळलं.

“हो. पुष्कळ.” आणि शांतता पडू नये म्हणून त्याने दुसरं वाक्य टाकलं: “हल्ली मूळ कंपनीचा पंप कुणी वापरत नाही.”

हे वाक्य व्हिडिओतल्या माणसाने सुस्कारा सोडून म्हटलं होतं, म्हणून यानेही सुस्कारा सोडला. मेकॅनिकचा चेहरा एकदम उजळला. तो भडाभडा बोलू लागला. हातवारे केले, कुणाला तरी शिव्या दिल्या, घड्याळ दाखवलं, पेटीतून एक खोकं काढलं. तपासनीस मान डोलवत राहिला. हा मात्र कधी थांबेल आणि थांबल्यावर त्याला काय उत्तर द्यायचं, हे कळेना. शेवटी मेकॅनिकने एक सरळ प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहत उभा राहिला.

“अर्थातच,” तपासनीस म्हणाला.

मेकॅनिकने त्याच्या हातात खोकं ठेवलं, हात जोरात दाबला, पाठीवर थाप मारली आणि पेटी उचलून निघून गेला.

जिन्यावरची पावलं थांबेपर्यंत बायको बाहेर आली. “गेला?”

“गेला. फसवायची त्याची हिंमतच झाली नाही.”

“मशीन?”

दोघांनी मशीनकडे पाहिलं. बाही अजून काचेला चिकटून होती.

बायको हळूच खुर्चीवर टेकली. “अहो, आतल्या खोलीत मला शेवटचं थोडं ऐकू आलं. मला वाटलं, मी चुकीचं ऐकतेय. तो विचारत होता, ‘तुम्ही आमच्याच धंद्यातले, मग हा पंप तुम्हीच बसवून घेता ना? मला पलीकडच्या गावात जायचंय.’ तुम्ही काय म्हणालात?”

तपासनिसाने गळ्यातला मीटर काढून ठेवला.

“काय म्हणालात?”

“अर्थातच.”

बायको ओरडली नाही. ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त घड्याळाकडे पाहिलं आणि पुस्तक मिटलं. तिने मेकॅनिकला फोन लावला. तो गाडी चालवत असावा, उचलेना. दुसऱ्या एकाला लावला. तो उद्या येतो म्हणाला. तपासनिसाने मशीनचं दार ओढून पाहिलं, मग पाय लावून ओढलं. दार ढिम्म हललं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, की एखादा लबाड मेकॅनिक आता दारात उभा राहावा, त्याने हवं ते मागावं, हवं ते चोरावं, पण हे दार उघडावं.

“तीन वर्षं मी म्हाताऱ्यांचे दात धुतले,” बायको काचेकडे बघत म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

तो मशीनपुढे पालथा झोपला. खाली कोपऱ्यात एक छोटं झाकण होतं. व्हिडिओत ते उघडताना माणसाने खाली काहीतरी ठेवलं होतं, एवढं त्याला आठवत होतं. काय ठेवलं होतं ते आठवत नव्हतं.

“थांबा, आधी परात घेते,” बायको म्हणाली.

तोवर त्याने झाकण फिरवलं होतं.

पाणी असं आलं, की त्याचा चष्मा फ्रिजखाली गेला. साबणाचं, कोमट, निळसर पाणी स्वयंपाकघरभर पसरलं, उंबऱ्यावरून बाहेरच्या खोलीत गेलं आणि चपलांना उचलून दारापर्यंत घेऊन गेलं. तपासनीस दोन्ही हातांनी ते अडवायचा प्रयत्न करत होता, म्हणजे नुसताच पाण्यात पोहल्यासारखा हात मारत होता. बायको परात घेऊन उभी राहिली. परातीत मावण्यापलीकडे प्रकरण गेलं होतं.

आणि मग मशीनच्या आत ‘टक’ असा आवाज झाला. पोटातलं पाणी गेल्यावर मशीनने कुलूप सोडलं होतं. (पाणी गेलं की दार सुटतं, ही माहिती सातव्या वाक्यात होती. त्याने सहाच पाठ केली होती.)

बायकोने युनिफॉर्म बाहेर ओढला. ओलाचिंब, साबणाने बुळबुळीत. तो धुवून वाळवायचा कधी, या विचारात ती असतानाच बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरची बाई होती. एकटी राहणारी, करड्या केसांची, जिन्यात भेटली की मान हलवणारी. ‘आता हिच्या छतातून पाणी गळलं,’ तपासनिसाने मनाशी म्हटलं आणि डोळे मिटले. पण बाई हसत होती. तिच्या हातात बिघडलेला व्हॅक्यूम क्लीनर होता. मेकॅनिक तिला जिन्यात भेटला होता आणि वर तिसऱ्या मजल्यावर धंद्यातला जुना माणूस राहतो, असं सांगून गेला होता.

बायकोने तिला भराभरा सगळं सांगितलं. परीक्षा, युनिफॉर्म, बस. बाईचं हसू गेलं. तिने युनिफॉर्म हातातून घेतला, माझ्याकडे कपडे वाळवायचं मशीन आहे म्हणाली, आणि जाता जाता तपासनिसाकडे वळून एक प्रश्न विचारला. या वेळी त्याला पूर्ण कळला. ‘तुम्ही खरंच मेकॅनिक ना?’

त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने घड्याळाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर फार सांगावं लागलं असतं, आणि तोवर बाईचा हात युनिफॉर्मवरून सुटला तर?

“हो,” तो म्हणाला, आणि व्हॅक्यूम क्लीनर घरात घेतला.

पुढची घटका त्याला जन्मभर पुरेल. तो फरशी पुसत होता, बायको नळाखाली हात धरून सुई टोचायचे टप्पे पाठ करत होती, खालून वाळवायच्या मशीनची घरघर ऐकू येत होती. ती थांबली की दोघंही थांबत. शेवटी बाई वर आली. युनिफॉर्म कोरडा होता, इस्त्री केलेला होता, फक्त कॉलरच्या आत थोडी ओल राहिली होती. बायकोने तो चढवला, केसांना चाप लावला आणि पळत सुटली. बस वळणावरून निघता निघता तिने पकडली. खिडकीतून तपासनिसाने डोळे बारीक करून ते पाहिलं आणि मग ओल्या फरशीवर मटकन बसला.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिने चपला काढल्या, पाणी प्यायलं.

“हात थरथरले,” ती म्हणाली. “सुरुवातीला. मग परीक्षक बाईंनी विचारलं, घाबरलात का. मी म्हटलं, नाही, सकाळी याहून अवघड केस हाताळून आले.”

“मग?”

“पास.”

तपासनिसाने तोंड फिरवलं आणि फ्रिजखाली चष्मा शोधू लागला. बराच वेळ शोधत होता. बायकोने त्याला तसंच शोधू दिलं.

मेकॅनिक पुढच्या आठवड्यात आला, पंप बसवला आणि गेला. तो लबाड होता की सरळ, हे शेवटपर्यंत कळलं नाही, कारण बायको सगळा वेळ त्याच्याशी त्याच्याच भाषेत त्याच्या आईच्या गुडघ्यांबद्दल बोलत होती आणि लबाडी करायला त्याला सवडच मिळाली नाही.

प्रश्न राहिला व्हॅक्यूम क्लीनरचा. तपासनीस दारामागे बसून तो उघडायचा आणि बंद करायचा. दर वेळी एखादा स्क्रू जास्त उरायचा. खालची बाई जिन्यात विचारायची, तो म्हणायचा, होतोय. मग विचारायची, तो म्हणायचा, मोटर बघावी लागेल. मग त्याने जिन्यातून जाणंच सोडलं आणि मागच्या लोखंडी पायऱ्यांनी ऑफिसला जाऊ लागला.

एका रविवारी सकाळी इमारतीच्या ग्रुपवर आदल्या रात्री आलेला एक लांबलचक संदेश होता. त्यात आपल्या मजल्याचा आकडा दिसला म्हणून तपासनिसाने फोन बायकोपुढे धरला. “काय लिहिलंय?”

बायकोने वाचलं. “खालच्या बाईंनी लिहिलंय. परदेशातून आलेल्या नव्या भाडेकरूंसाठी सूचना. तिसऱ्या मजल्यावर एक मेकॅनिक राहतो. माणूस सभ्य आहे, बायको तर देवमाणूस आहे. पण त्याच्याकडे वस्तू देऊ नका. उघडतो, ठेवून घेतो, आणि विचारलं की तोंड चुकवतो.”

तपासनिसाने फोन परत घेतला. खाली बऱ्याच जणांनी अंगठा दाखवून सहमती कळवली होती. तो बोट सरकवत पहिल्या अंगठ्यापर्यंत गेला, तिथलं नाव पाहिलं, आणि मग हळूच समोर पाहिलं.

“आत्ता वाचता वाचता दाबलात तुम्ही?”

घाबरला की तो बायकोला अहो-जाहो करायचा.

“नाही,” बायको चहा ओतत म्हणाली. “काल रात्री. तो लिहायला खालच्या बाईंना मदत कुणी केली असेल, असं वाटतं तुम्हाला?”