बर्फातले घोडदळ

क्लाइव्ह ऑटरशॉच्या मते अख्ख्या नॉटिंगहॅममध्ये घोडा रंगवता येणारा माणूस एकच होता, आणि तो रोज दाढी करताना त्याला आरशात दिसायचा. बोटाच्या पेराएवढे धातूचे घोडेस्वार भिंगाखाली रंगवायचे, टेबलावर मांडायचे आणि फासे टाकून नेपोलियनच्या लढाया लढायच्या, असा त्यांचा क्लब होता. तिथे क्लाइव्ह दुसऱ्यांच्या फौजांवर वाकून नाक मुरडायचा.

"बर्नार्ड, कॉलर लाल? या पलटणीची गुलाबी होती. आणि हा घोडा आहे की डाग पडलेला सोफा?"

बर्नार्ड दातांचा डॉक्टर, स्वभावाने गरीब. पुढच्या वेळी तो कॉलरी गुलाबी करून आणायचा.

"फारच गुलाबी," क्लाइव्ह म्हणायचा.

वार्षिक प्रदर्शनातल्या स्पर्धेसाठी क्लाइव्हने वर्षभर खपून फ्रेंच घोडदळ रंगवलं. घोड्यांच्या पापण्यासुद्धा सोडल्या नाहीत. आदल्या दुपारी वॉर्निशचा फवारा मारायला तो ट्रे घेऊन अंगणात निघाला. बाहेर पावसाची भुरभुर चालू होती.

"अरे, दमट हवेत मारू नका म्हणून डब्यावरच लिहिलंय," बायको ग्लेनिस म्हणाली.

"ते शिकाऊ लोकांसाठी असतं."

चहा होईस्तोवर सगळी फौज पिठात लोळून आल्यासारखी पांढरीफटक झाली. क्लाइव्हने वरून आणखी एक हात मारला. पांढरेपणा दाट झाला. मग त्याने ग्लेनिसचा ड्रायर आणून गरम हवा सोडली, तर गोंद सुटून निम्मे स्वार घोड्यांवरून खाली आले. घाईघाईत चिकटवले, ते तिरके बसले.

"आता बोलू नकोस," तो म्हणाला.

"मी कुठे बोलतेय? मी फक्त डबा वाचतेय."

नाव मागे घ्यायचं ठरवूनच तो दुसऱ्या दिवशी झाकलेला ट्रे घेऊन गेला. पण बर्नार्डने हौसेने कापड उचललं.

"बाप रे! रशियातून माघार! काय हिमवादळ आहे रे! आणि हा बिचारा तर खोगिरावरच गोठलाय."

क्लाइव्हने खरं सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात परीक्षक आले, आणि त्याच तोंडातून निघालं, "हो, विषय तोच."

पहिलं बक्षीस मिळालं.

"हा बर्फ केलात कसा?" क्लबच्या अध्यक्षा मिसेस पॉमफ्रेट यांनी विचारलं.

"नाजूक तंत्र आहे. सगळ्यांना झेपणारं नाही."

"मग शनिवारी करूनच दाखवा!"

शनिवारी क्लाइव्हच्या अंगणात सगळा क्लब आपापली घोडदळं घेऊन जमला. नॉटिंगहॅमवर मात्र लख्ख, कोरडं ऊन पडलेलं. मंडळींनी स्वेटर काढून कुंपणावर टाकले. क्लाइव्हने आभाळाकडे एक केविलवाणी नजर टाकली आणि बर्नार्डच्या घोड्यांवर फवारा मारला. ते आरशासारखे स्वच्छ राहिले. पुन्हा मारला. रंग आणखीच खुलला.

"बर्फ कुठाय?" कुणीतरी विचारलं.

"येईल. थांबा जरा."

ऊन उतरलं, बिस्किटं संपली, तरी बर्फ येईना. मंडळी स्वेटर चढवून निघाली. बर्नार्डने जाता जाता क्लाइव्हच्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाला लावून घेऊ नकोस रे. एखाद्या दिवशी नाही जमत."

क्लाइव्हचं वॉर्निश इतकं निर्दोष आजवर कधीच बसलं नव्हतं. पण हे तो सांगणार कोणाला?