अण्णांची एकशे बेचाळीस चित्रं

गायकवाड अण्णा ऑफिसात आले की डबा ठेवायच्याही आधी चित्रं मोजतात. चहा नाही, कुणाला नमस्कार नाही. स्क्रीनला नाक लावून, बोटानं, एकशे बेचाळीस. सहलीची मुलं बसमध्ये चढवताना मास्तर मोजतात, अगदी तसं. आकडा जुळला की 'सरी', म्हणजे बरोबर, म्हणतात आणि मग माणसांत येतात.

ही चित्रं म्हणजे वेबपानावरची बोटाच्या पेराएवढी चिन्हं. घंटा, भिंग, टोपली, सूर्य, चंद्र. प्रत्येकाची वेगळी फाईल मागवत बसलं तर पान उघडायला वेळ लागतो. म्हणून सगळी एकाच मोठ्या चित्रात घरं पाडून बसवायची आणि पानाला फक्त पत्ता द्यायचा, अमुक ओळ, अमुक घर. याला स्प्राइट म्हणतात. ही पद्धत आता मागे पडली आहे, हे मी पहिल्याच आठवड्यात आगाऊपणे सांगून टाकलं. कुठल्याही पोरीला अम्मा म्हणणारे अण्णा म्हणाले, "असू दे की अम्मा. मी पण मागंच पडलोय."

मी नागपूरची, इथं कन्नड मुलखात, इंदिरानगरातल्या या छोट्या कंपनीत सगळ्यांत नवी आणि अजून प्रोबेशनवर. अण्णांचं घराणं मल्लेश्वरममध्ये किती पिढ्यांपासून आहे ते त्यांनाही सांगता येत नाही. त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलंय की पहिले दोन दिवस मी नुसती मान हलवत होते. आलेखवहीत ते प्रत्येक चित्राचं घर पेन्सिलीनं लिहितात. दोन चित्रांमध्ये फट हवीच, "स्वल्प जागा सोड, शेजाऱ्याचं कोपर लागतंय." फाईलमध्ये टिंबाएवढा बदल झाला तरी तिला नवं नाव द्यायचं, हा नियम तर सोवळ्यासारखा. आणि सूर्याच्या अलीकडचं एक घर कायम रिकामं. का, विचारलं तर म्हणे पाहुणा आला तर कुठं बसवायचा.

मला ते रिकामं घर डोळ्यांत खुपायचं. आम्ही औषधांची आठवण करून देणारं पान बनवत होतो. गोळीच्या फोटोपुढे सूर्य दिसला की ती सकाळी घ्यायची, चंद्र दिसला की रात्री. काही पेशंटांना ते वापरायलाही दिलं होतं. एक दिवस अण्णा यायच्या आधी, नऊ वाजता, मी ते रिकामं घर काढून टाकलं. पुढची सगळी चित्रं एकेक घर अलीकडे सरकवली, पत्ते बदलले आणि फाईल जुन्याच नावानं चढवली. माझ्या स्क्रीनवर सगळं झकास दिसत होतं. शाबासकीची वाट बघत मी कॉफी प्यायले.

साडेनऊला अण्णा आले. पान त्यांनी आपल्या फोनवर उघडलं आणि मोजता मोजता थांबले. त्यांच्या फोननं कालचं चित्र साठवून ठेवलं होतं. नाव तेच म्हटल्यावर तो नवं कशाला आणेल? पत्ते मात्र नवे. त्यामुळे सकाळच्या गोळीपुढे काहीच नव्हतं आणि रात्रीच्या गोळीपुढे लख्ख सूर्य. ज्यांनी हे पान आधी कधी उघडलं होतं, त्या सगळ्यांना हेच दिसत असणार.

अण्णा ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी जुनं चित्र नव्या नावानं चढवलं, पत्ते परत पहिल्यासारखे केले आणि त्या अर्ध्या तासात पान कुणी उघडलं याची यादी काढली. नावं नव्हती, नुसते एकोणीस नंबर. एरवी फोन वाजला की तो टाळायला जिन्यात पळणारे अण्णा वरून खाली एकेक नंबर लावत सुटले. कन्नडात, हिंदीत, मोडक्या तमिळमध्ये प्रत्येकाला तेच सांगत होते, की पानात चूक झालीय, गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीत बघूनच घ्या. इथल्याच शिवाजीनगरच्या एका आजोबांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. अण्णा उभ्यानं ऐकत राहिले. माझं नाव त्यांनी एकदाही घेतलं नाही.

अठरा जण सुखरूप होते. एकोणिसाव्या नंबरावर अण्णांचं बोट थांबलं.

"हा घरचा," ते म्हणाले. "बायको तर माझं मोजून झाल्यावर, दहानंतर उघडते. आज लवकर कशी?"

मी म्हटलं, लावा की मग.

"सरोजा फोन उचलत नाही अम्मा. पक्षाघातानं बोलणं गेलं, अक्षरं गेली. चित्रं तेवढी कळतात."

त्यांनी पिशवी उचलली. मी न विचारताच मागोमाग निघाले. ऑटोत ते एकदाच ड्रायव्हरला 'स्वल्प बेगा', जरा लवकर, म्हणाले. सिग्नलमागून सिग्नल लागत होते. मध्येच त्यांनी एवढंच सांगितलं की रात्रीच्या गोळीनं तिला गुंगी येते, आणि ती घरात काठी घेऊन एकटीच फिरते. मला माफी मागायची होती. मी सिग्नलचे सेकंद मोजत राहिले.

दार त्यांनी किल्लीनं उघडलं. सरोजाक्का टेबलाशी बसल्या होत्या. समोर फोन, शेजारी ताटलीत दोन्ही गोळ्या. एकही घेतलेली नव्हती. रडून रडून चेहरा सुजला होता. त्यांनी फोनकडे बोट दाखवलं, गोळ्यांकडे दाखवलं, आणि मग तेच बोट आपल्या कपाळावर दोनदा आपटलं. आपलं डोकं पुन्हा बिघडलं, असं त्या सांगत होत्या.

अण्णा खाली बसले आणि त्यांनी अक्कांचा हात कपाळावरून काढला.

"तुझं डोकं ठीक आहे, सरोजा. तुझं बरोबर होतं. चित्र चुकलं. मी चुकवलं ते."

मी उंबऱ्यातच उभी होते. त्या 'मी'च्या जागी मी पुढे व्हायला हवं होतं. झाले नाही.

अक्कांनी त्यांच्याकडे बराच वेळ टक लावून पाहिलं. मग तोंड उघडलं, आणि अण्णांनी सकाळची गोळी त्यांच्या जिभेवर ठेवली.