तोंड न मिटणारी

शनिवारी सकाळी सूनबाई धुतलेले कपडे वाळत घालायला गच्चीत निघाल्या आणि सासऱ्यांचं फोनवरचं बोलणं कानावर पडताच दारातच थबकल्या. असं चोरून ऐकू नये हे त्यांना कळत होतं. पण त्या शाळेत शिक्षिका होत्या आणि परीक्षेच्या वेळी शेवटच्या बाकावरची कुजबुजसुद्धा टिपायची सवय त्यांच्या कानांना लागली होती.

सासरे कठड्याला टेकून दबक्या आवाजात बोलत होते. "वय असेल साठ-सत्तर. पण रूप काय आहे अजून! आधीच्या घरात नकोशी झाली होती हो, कोपऱ्यात पडून होती बिचारी. कंबर जरा खिळखिळी झालीय, ती मी बघतो. तोंड मिटत नाही एवढीच अडचण. एकदा उघडलं की उघडंच... छे छे, घरी कुठं सांगतोय! सूनबाईला कळलं तर तिला आणि मला, दोघांनाही बाहेरचा रस्ता दाखवील."

सूनबाई कपड्यांची बादली घेऊन तशाच मागे फिरल्या. नवरा दाढी करत होता.

"अहो, बाबा लग्न करतायत."

"कोणाचं?"

"स्वतःचं!"

वस्तरा हनुवटीवर थांबला. नवरा विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायचा. कोणी जळालेलं दुकान दाखवलं की हा आधी काडेपेटी शोधायचा. समोरचा माणूस खोटं बोलतोय असं धरूनच त्याचा दिवस सुरू व्हायचा. पण स्वतःच्या बापावर संशय घ्यायची वेळ आजवर आली नव्हती, आणि ती आता आली याचं त्याला वाईटच वाटलं.

"पुरावा?" त्याने विचारलं.

"माझे कान."

वास्तविक त्याचे वडील साधे माणूस. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. बायको गेली आणि रिकाम्या हातांनी घरात बसणं त्यांना जमेना, तेव्हा त्यांना जुन्या डब्यांचा नाद लागला. लाकडी, पितळी, काचेच्या, मीनाकामाच्या, कशात कोणे एके काळी अंगठी असायची तर कशात मलम. बिजागऱ्या दुरुस्त करायच्या, आत नवं अस्तर लावायचं आणि घरात मांडायच्या. आधी शोकेस भरलं, मग जिन्याच्या पायऱ्या, मग फ्रिजचा माथा. मीठ कुठल्या डबीत आहे हे शोधताना भाजी करपायची. शेवटी दोन महिन्यांपूर्वी मुलाचे साहेब घरी आले, चॉकलेट असेल म्हणून टीपॉयवरची सुबक डबी त्यांनी उघडली आणि आतून नातीचे पडलेले दुधाचे दात हातावर घेतले. त्या दिवशी सूनबाईंनी फर्मान काढलं: यापुढे एकही डबी या घराचा उंबरठा ओलांडणार नाही. सासऱ्यांनी मान डोलावली होती आणि शब्द पाळलाही होता. त्यामुळे डब्यांचा विचार आता कोणाच्या डोक्यातही आला नाही.

संशयाला एकदा पाय फुटले की तो घरभर हिंडतो. बाबा फिरून यायला तासभर उशीर करतात, असं लक्षात आलं. त्यांनी नवा शर्ट घेतला होता. सोमवारी त्यांच्या पँटच्या खिशात चिठ्ठी सापडली: 'गुरुवार, चार वाजता. गुलाबी अस्तर. माप नेणे.'

"अस्तर!" सूनबाई किंचाळल्या. "ब्लाउजचं! अजून लग्नाचा पत्ता नाही आणि शिलाई सुरूसुद्धा!"

"गुलाबी?" नवरा खचलाच. "सत्तराव्या वर्षी?"

मग परगावी असलेल्या नणंदेला फोन झाला. ती आधी रडली आणि मग म्हणाली, "वहिनी, आईच्या कपाटाला कुलूप लाव." सूनबाईंनी लावलं. नेमकी बाबांची बारीक हत्यारं त्याच कपाटात असायची.

"कुलूप कशाला गं?" त्यांनी विचारलं.

"उंदीर झालेत."

"उंदीर कपाट उघडतात?"

"हल्ली काही सांगता येत नाही बाबा, कोण काय करील," असं म्हणून सूनबाईंनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. बाबा चपापले. त्यांचं ते चपापणं नवऱ्याने मनात टिपून ठेवलं. जेवताना मात्र आईच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत तो बायकोला हळूच म्हणाला, "आईच्या जागी कोणी बसलेलं मला नाही गं बघवणार."

गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, काळा चष्मा आणि टोपी घालून तो वडिलांच्या मागावर निघाला. वडील शिंप्याच्या दुकानाशी आले तेव्हा त्याने टोपी आणखी खाली ओढली. पण ते पुढे गेले आणि शेजारच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरले. मुलगा काचेला नाक लावून उभा राहिला. वडील डोळ्याला भिंग लावून टेबलावर वाकले होते, आणि दुकानाच्या पांढऱ्या केसांच्या मालकीणबाई त्यांना उजेड दाखवत दिवा धरून उभ्या होत्या. मुलाने कोपरा न् कोपरा नजरेने पिंजून काढला. मालकीणबाई सोडल्या तर दुकानात बाई नव्हती. म्हणजे 'ती' अजून यायची होती.

अर्धा तास झाला तरी ती आली नाही. नीट दिसावं म्हणून तो दारातून आत वाकला, दारातल्या छत्र्यांच्या स्टँडवर त्याचा भार पडला, आणि स्टँड, छत्र्या, चष्मा आणि तो असे सगळे एकदमच दुकानात आले.

"तू?" वडील ताडकन उठले.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. गुडघा चोळत त्याने विचारलं, "बाबा, ती कुठंय?"

वडिलांचा चेहरा पडला. त्यांनी हळूच मूठ उघडली. तळहातावर लिंबाएवढी पितळी डबी होती, आत अर्धवट लावलेली गुलाबी मखमल, झाकण आ वासून उघडं.

"ही," ते अपराध्यासारखे म्हणाले. "बिजागरी ढिली आहे रे. तोंड मिटत नाही हिचं. सूनबाईला सांगू नकोस."

मुलगा हसू लागला, ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्याने तिथूनच बायकोला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "अगं, डबी आहे!"

"कोण?"

"ती!"

पलीकडे सूनबाई खजील झाल्या. देवमाणसावर आपण नाही नाही ते संशय घेतले! "बाबा, चुकलं हो आमचं. आणा तिला घरी. खुशाल आणा."

वडिलांनी मालकीणबाईंकडे पाहिलं. मालकीणबाईंनी दिवा खाली ठेवला.

"नक्की ना, सूनबाई?"

"अगदी नक्की! घरचीच समजू आम्ही तिला. चांगली ऐसपैस जागा करून देऊ."

"तू रे?" त्यांनी मुलाला विचारलं.

"बाबा, उद्या आणत असाल तर आजच आणा," मुलगा डोळे पुसत म्हणाला.

ते रविवारी घेऊन आले. बेल वाजली तेव्हा सूनबाईंनी शोकेसचा मधला कप्पा रिकामा करून ठेवला होता. दारात बाबा नव्या शर्टात उभे होते आणि शेजारी मालकीणबाई, हातात छोटीशी बॅग.

"आणलं," बाबा म्हणाले. "पुढच्या महिन्यात लग्नाची नोंदणी करू म्हणतो. तुमच्या होकारासाठीच अडलं होतं."

आठवडाभर दोघांनी जंग जंग पछाडलं होतं ते बाबा फोनवर कोणाविषयी बोलत होते हे शोधण्यासाठी. कोणाशी बोलत होते, हा प्रश्न शिक्षिकेलाही सुचला नाही आणि चौकशी अधिकाऱ्यालाही.

"पण बाबा, मी तर... मी 'तिला' म्हटलं होतं," सूनबाई कशाबशा म्हणाल्या. "यांना मी 'त्यांना' म्हटलं असतं ना!"

"अगं, तेच तर यांना फार आवडलं," बाबा म्हणाले. "पहिल्याच दिवशी एकेरीवर आलीस."

मालकीणबाईंनी पुढे होऊन सूनबाईंचा हात धरला. "आपल्या माणसालाच एकेरी बोलतात, बाळ. मी तर रात्रभर झोपले नाही आनंदाने."

त्या हातात हात अडकल्यावर सूनबाईंना नाही म्हणवेना. त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासूबाई गेल्यापासून या माणसाच्या चेहऱ्यावर इतका उजेड त्यांनी पाहिला नव्हता, आणि आपण तो दोन महिने डब्यांचा हिशेब करण्यात पाहिलाच नाही याची त्यांना लाज वाटली. "आत या ना," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याला कोपराने ढोसलं. नवऱ्याने खुर्च्यांकडे पाहिलं, आणि आईच्या रिकाम्या खुर्चीशेजारची स्वतःची खुर्ची पाहुणीसाठी ओढली.

चहा झाल्यावर त्याने वडिलांना बाजूला घेतलं. "बाबा, खरं सांगा. आम्ही डबीविषयीच बोलतोय हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

"काय म्हणालास?" बाबांनी कानामागे हात धरला. "वय झालं रे आता. हल्ली नीट ऐकू येत नाही." आणि मग थोडं थांबून म्हणाले, "ते आतल्या खोलीतलं घड्याळ बंद पडलंय बघ. टिकटिक थांबली, आत्ता, इतक्यात."