तात्यांची गाडी आणि कुणाचा तरी हात

तात्या बर्वे पेट्रोल घेताना आधी पेट्रोल हुंगत आणि मग ते देणाऱ्याचा हात हुंगत. एक थेंब तळहातावर घ्यायचा, अत्तरासारखा चोळायचा, डोळे मिटून नाकाशी न्यायचा. मग डोळे उघडून म्हणायचं, "हसनभाई, हात पुढे करा." बोर्ली पंचतनात पेट्रोलचे डबे ठेवणारे हसनभाई एकटेच. ते बिचारे हात पुढे करत. हाताला रॉकेलचा वास यायचाच, कारण रॉकेलही तेच विकत.

"यात कुणाचा तरी हात आहे," तात्या माझ्याकडे वळून म्हणत.

"हात माझाच हाय, तात्या, तुमीच धरलाय," हसनभाई म्हणत. "पन पेट्रोलात कायपन न्हाय, खुदा कसम. लोक नारळसुद्धा असा हुंगून घेत न्हाईत."

मी तेव्हा बोर्लीत देवी काढायला होतो, म्हणजे सरकारी लसटोच्या; गाव मला डॉक्टरच म्हणे. मला बघून पोरं माडीवर लपायची आणि आया दारं लावून घ्यायच्या, त्यामुळे संशयाने बघणारे डोळे मला नवे नव्हते. पण तात्यांच्या शेजारी बिऱ्हाड केलं आणि कळलं, की आजवर पाहिले ते सगळे शिकाऊ उमेदवार होते.

तात्या मुंबईला एका गोऱ्या साहेबाच्या कचेरीत हेडक्लार्क होते. स्वातंत्र्य आलं, साहेब विलायतेला निघाला आणि जाताना आपली दोन माणसांची, उघड्या टपाची, हिरवी स्पोर्ट्‌स गाडी तात्यांना देऊन गेला. का दिली, याचाही तात्यांना संशय होता. "फुकट दिली त्या अर्थी खोट असणार, आणि ती न सांगता गेला, लबाड!" तरी नोकरी संपल्यावर त्यांनी ती गाडी मचव्यात घालून दिघीला आणली आणि दोन फळ्यांवरून बंदरात उतरवली. लग्न त्यांनी केलंच नव्हतं. मुलीकडची माणसं फार गोड बोलतात, हे त्यांना पहिल्याच स्थळाच्या वेळी खटकलं होतं.

गाडीला कार्बोरेटर दोन. पेट्रोल आणि हवा कालवून इंजिनाला भरवणारी ही दोन भांडी. "सवती आहेत," तात्या सांगत. "एकीला जास्त वाढलं की दुसरी रुसते." रबरी नळीचं एक टोक कानात आणि दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून ते दोघींचे श्वास ऐकत बसायचे, स्क्रू जरा इकडे, जरा तिकडे फिरवायचे. त्या वेळी शेजारी कुणी उभं असेल तर त्याने दोन्ही हात दिसतील असे ठेवायचे, हा नियम. आणि गाडीजवळ माणूस असताना तात्या गाडीकडे पाठ म्हणून करत नसत. बोलायचं माझ्याशी, पण नजर गाडीवर.

इतकं करूनही गाडी श्रीवर्धनच्या वाटेवरच्या खिंडीत बंद पडायची. दर खेपेला तिथेच. घरून निघताना वाघ, चढ संपत आला की आचके, आणि मग चिडीचूप. गावाचं म्हणणं, खिंडीतला वेताळ नारळ मागतो.

"वेताळाला कार्बोरेटर उघडता येत नाही," तात्या म्हणायचे. "हे माणसाचं काम."

मग रस्त्यात उपरणं अंथरून तात्या एकेक भाग सोडवत. कार्बोरेटरमधला तरंगता पितळी फुगा कानाशी हलवून आत पेट्रोल शिरलंय का ऐकत, बारीक भोकं तोंडाने फुंकत, माझ्याकडची देवी काढायची सुई मागून घेऊन त्यात घालत. कचरा कधी निघायचाच नाही. "पुरावा नाहीसा केलाय," म्हणत ते सगळं पुन्हा जोडत. शेवटी टाकीतलं पेट्रोल कुणी चोरलं तर नाही ना, म्हणून मागचं झाकण उघडून आत काठी घालून बघत. झाकण उघडताना फुस्स असा आवाज होई. झाकण लावलं, की गाडी पहिल्या फटक्याला सुरू. एकदा रामा कोळी मासळीची पाटी खाली ठेवून हे सगळं बघत बसला होता. "तात्या," तो म्हणाला, "आमचा मचवा बरा. वारा पडला तर वल्हवता तरी येतो."

संशय एकेकावर फिरला. हसनभाई झाले, एसटीचा ड्रायव्हर झाला, सुईमुळे मीही झालो. पंधरवडाभर त्यांनी माझा चहा घेतला नाही. रोज संध्याकाळी ते गाडीभोवती रांगोळी पसरू लागले, रात्री कोण येतं ते पावलांवरून कळावं म्हणून. सकाळी मला बोलावून दाखवायचे. मांजराची पावलं आणि आक्काची पावलं, दुसरं काही नाही.

"आक्काची सोडा," तात्या म्हणत. "ती तुळशीला पाणी घालायला जाते."

आक्का ही त्यांची थोरली बहीण. लग्न होऊन वर्ष उलटायच्या आत विधवा होऊन माहेरी आली, आणि आई गेल्यावर तिनेच तात्यांना वाढवलं. घर, विहीर आणि सुपारीची वाडी यापलीकडे तिने काही पाहिलं नव्हतं. हरिहरेश्वराचं दर्शन घ्यावं, एवढी एकच इच्छा तिने आयुष्यात बोलून दाखवली असेल. आता गुडघे गेले होते, एसटीची पायरी चढवत नव्हती, आणि डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होते. तात्यांनी गाडी बंदरात उतरवली ती याचसाठी. पण आक्काला ते बसवायला तयार नव्हते. "एकदा तरी गाडी खिंडीत न थांबता जाऊ दे. तिला काय उन्हात रस्त्याकडेला बसवू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "तिला दिसतंय तोवर न्यायचंय हो, डॉक्टर. आणि कुणाला तरी ते नकोय."

त्या दिवशी मला लस आणायला श्रीवर्धनला जायचं होतं. तात्यांनी चौकशी करकरून मला बरोबर घ्यायचं कबूल केलं होतं. मी जरा लवकरच गेलो. मागच्या बेड्यातून, म्हणजे कुंपणाच्या फाटकातून, आत शिरलो तर आक्का गाडीच्या पाठीशी वाकलेली. हातात लाकडी करंडा. तिने बोटाने मेण घेतलं, चाचपडत टाकीच्या झाकणावर मधोमध दाबलं आणि त्यावर कुंकू लावलं. आमच्या बायका कपाळाला लावतात तसंच, आधी मेण, मग कुंकू, म्हणजे वाऱ्याने उडत नाही. मग कानशिलांवर बोटं मोडली आणि करंडा पदराखाली घेऊन घरात गेली. मी पुढे व्हायचं सोडून तुळशीआड उभा राहिलो. विधवेने कुंकवाला हात लावायचा नाही, असा तो काळ. हे तिने कुणाला दाखवायचं नव्हतं.

गाडी खिंडीत बंद पडली. उपरणं अंथरलं गेलं, फुगा हलवून झाला, सुई घालून झाली. तात्यांनी झाकण उघडलं. फुस्स. पण या वेळी ते झाकण त्यांच्या हातून निसटून उलटं पडलं आणि ते बघतच राहिले. आतून मधोमध एक भोक होतं, आणि त्यातून उजेड येत नव्हता.

"डॉक्टर," ते सावकाश म्हणाले, "नारळाचा एकच डोळा फोडला तर पाणी येतं का?"

"अडतं. हवा जायला दुसरा फोडावा लागतो."

"इथे दुसरा कुणी तरी बुजवलाय. वरचं कुंकू तर मी खंडेनवमीच्या पूजेचं समजत होतो." त्यांनी सुई भोकात घातली. टोकाला काहीतरी लागून आलं, लालसर. तात्यांनी ते चिमटीत चोळलं आणि सवयीने नाकाशी नेलं. आता सापडला यांना हात, मला वाटलं, आणि घरी जाऊन हे काय करतील?

तात्यांनी पुन्हा वास घेतला. मग रस्त्याच्या कडेला दगडावर बसले.

"मेण आहे," ते म्हणाले. "आक्काच्या करंड्यातलं. वाळा घालून कढवलेलं. लग्न झाल्यावर माहेरपणाला आली की ती रोज आरशापुढे बसायची. मी एवढासा होतो. मला नाकाला लावायची थोडं, चिडवायला." त्यांनी चिमटी पुन्हा नाकाशी नेली. "ती परत आली, तेव्हा आईने तो करंडा काढून घेतला होता. मला वाटलं, टाकून दिला."

मी सकाळी पाहिलेलं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "यात कुणाचा..." म्हणाले आणि थांबले.

श्रीवर्धनला पोचल्यावर माझ्या लसीच्या आधी ते तांबटाकडे गेले. झाकणाच्या कडेला, खालच्या अंगाला, जिथे कुणाचं बोट जाणार नाही अशा जागी, बारीक भोक पाडून घेतलं. वरचं कुंकू पुसायला तांबट फडकं घेऊन सरसावला, तर तात्या त्याच्यावर केवढ्याने ओरडले!

पुढच्या सोमवारी आक्का हरिहरेश्वराला निघाली. धुवट पांढरं लुगडं, हातात देवासाठी नारळ. मी बेड्याशी उभा होतो. ती गाडीपाशी आली आणि घुटमळली. पदराखाली करंडा होता, मला दिसत होता. तात्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. मग गाडीकडे पाठ केली, माझा खांदा धरून मलाही फिरवलं आणि समोरच्या पोफळीकडे बोट दाखवून मोठ्या आवाजात म्हणाले, "डॉक्टर, यंदा सुपारी कशी लागलीय बघा." आम्ही दोघे सुपारी बघत राहिलो. मला सुपारीतलं काही कळत नाही, आणि त्या वेळी डोळ्यांत पाणी आल्याने ती दिसतही नव्हती. मागे करंड्याचं झाकण वाजलं, बोटं मोडल्याचा आवाज आला, तरी तात्या सुपारीबद्दल बोलतच होते.

संध्याकाळी गाडी न थांबता परत आली. आक्का मला प्रसाद द्यायला आली. चेहरा उन्हाने लाल झाला होता.

"देव पाहिला, डॉक्टर. समुद्रसुद्धा पाहिला, अगदी पायरीपर्यंत येतो हो!" ती म्हणाली. मग तात्यांकडे वळली. "आणि खिंड कधी गेली ते कळलंसुद्धा नाही. इतके दिवस अडत होती, त्यात कुणाचा हात होता रे शेवटी?"

तात्या उपरण्याने बॉनेट पुसत होते.

"कुणाचा नाही, आक्का," ते म्हणाले. "समुद्राचं खारं वारं. दुसरं काय असणार?"