परत घेतलेलं वाण

आमच्या बंगळूरजवळच्या येलहंक्याच्या कॉलनीत कुणाकडे नवी कुंडी आली, की शांताअक्का तिला फाटकातच अडवतात. पान चुरगळून हुंगतात, मुळं उचकून बघतात आणि विचारतात, “पाहुणा की घरजावई?” पाहुणा म्हणजे आपल्या जागी गुमान राहणारं झाड. घरजावई म्हणजे बाहेरून येऊन, हातपाय पसरून घरच्यांनाच हुसकावणारं. मी सासऱ्यांनी बांधलेल्या घरात राहतो. अक्कांनी हा प्रश्न विचारला, की मी आभाळाकडे बघत बसतो.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझ्या बायकोनं, सुनीतानं, वाण म्हणून वाडग्यातली जांभळ्या फुलांची रोपं लुटली. नर्सरीवाला नुसतं ‘वॉटर प्लांट’ म्हणाला होता. दुसऱ्या दिवशी आमच्या पायरीवर उरलेलं रोप पाहून अक्का किंचाळल्याच.

“अय्यो, ही तर जलपर्णी! सगळ्यांनी रविवार घालवून आपल्या कॉलनीच्या तळ्यातून उपसली ती हीच!”

“पण आता तळ्यात कोण टाकतंय?” मी म्हणालो.

“कोमेजायला लागल्यावर काय करतील? वाण कुणी कचऱ्यात टाकेल? हात जोडून तळ्यातच सोडतील!”

बिनतोड होतं. मग आम्ही बादली घेऊन दारोदार निघालो. बादली अर्थातच माझ्याकडे.

“दिलेलं वाण परत मागतात का, अक्का?” कुलकर्णीवहिनी कडाडल्या.

“वाण कसलं? घरजावई आहे तो!”

वहिनींनी माझ्याकडे नीट पाहून घेतलं, आणि रोप बादलीत आलं.

प्रत्येक दारात एक गंमत होई. गंमत म्हणजे, मला आधी तसं वाटलं. बाई सवयीनं कुंकवाच्या करंड्याकडे वळे आणि मध्येच थांबे. अक्कांचे यजमान गेल्यापासून त्यांना हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही. आम्हीही नाही. अक्काही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नव्हत्या.

भरलेली बादली आमच्या अंगणात टेकवली, तेव्हा सुनीता वैतागून म्हणाली, “अक्का, कालच सांगायचं ना!”

“काल आले असते तर सांगितलं असतं गं,” अक्का बादलीतली पानं खाली दाबत म्हणाल्या. “बोलावणं नव्हतं.”

सुनीता आत गेली, ती करंडा घेऊनच बाहेर आली.

“अगं, मला चालत नाही.”

“मला चालतं.”

अक्कांनी उगीचच पदराला हात पुसले. मग डोळे मिटून कपाळ पुढे केलं.

“स्वल्पच लाव,” म्हणाल्या.

सुनीतानं चांगलं ठसठशीत लावलं.